देकार कोणाचा, स्वीकार कोणाचा?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, नगरपरिषदांच्या आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदा सूचना असतात. कुठे रस्त्याचं डांबरीकरण, कुठे शाळेला बाकं, कुठे दवाखान्याला औषधं. ‘पात्र पुरवठादारांकडून देकार मागविण्यात येत आहेत’ अशा धर्तीचं एक वाक्य त्यांत असतं. तळाशी दुसरं असतं: कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे. कंत्राटदार सोडले तर या मजकुराकडे कोणी ढुंकून पाहत नाही. करार कसा जन्माला येतो, याचं निम्मं उत्तर मात्र या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

देकार म्हणजे ऑफर. बोलताना हा शब्द सहसा कोणी वापरत नाही, तो सरकारी कागदावरच भेटतो. तरी तो चांगला शब्द आहे, कारण स्वीकाराशी त्याची जोडी जमते आणि करार व्हायला ही जोडीच लागते. १ सप्टेंबर १८७२पासून आपल्याकडे लागू असलेल्या भारतीय संविदा अधिनियमात, म्हणजे सगळे ज्याला करार कायदा म्हणतात त्यात, ‘ऑफर’ऐवजी ‘प्रपोजल’ हा शब्द घेतला आहे आणि मराठीत त्याचा प्रस्ताव झाला. कलम २(अ)चा आशय असा: एखादी गोष्ट करायला किंवा न करायला आपण तयार आहोत, असं एखाद्याने दुसऱ्याला कळवलं आणि ते त्या दुसऱ्याची संमती मिळवण्याच्या हेतूने कळवलं, तर त्याने प्रस्ताव केला.

या व्याख्येतली मेख ‘संमती मिळवण्याच्या हेतूने’ या शब्दांत आहे. नुसती तयारी दाखवणं पुरेसं नाही. मी ज्याला प्रस्ताव करतो, त्याच्या हाती मी एक अधिकार देऊन ठेवतो. त्याने फक्त ‘हो’ म्हणायचं, की मी बांधला गेलो. मला पुन्हा विचारायला यायची गरज नाही. म्हणून बोलणाऱ्याने शेवटचा शब्द समोरच्याला दिला आहे की स्वतःकडे ठेवला आहे, हे आधी पाहायचं. स्वतःकडे ठेवला असेल, तर वरकरणी ते कितीही देकारासारखं दिसलं तरी तो देकार नव्हे. ते समोरच्याला दिलेलं ‘तुम्हीच काय ते सांगा’ असं आमंत्रण असतं.

कोडगू जिल्ह्यातल्या मडिकेरीत, त्या वेळच्या मर्कारात, एका बंगल्याचा व्यवहार असाच अडकला. घेणाऱ्याने ६,००० रुपये देऊ केले होते. मालकाने तारेने उत्तर पाठवलं, ‘दहा हजारांखाली घेणार नाही.’ घेणारा म्हणाला, ठीक आहे, दहा हजार मान्य. त्याच्या मते सौदा पक्का झाला. मालकाने मात्र बंगला दुसऱ्याला विकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५१मध्ये निकाल लागला: मालकाने फक्त आपला किमान आकडा सांगितला होता, त्या किमतीला तुम्हालाच देतो असं कुठेही म्हटलं नव्हतं. दहा हजारांचा देकार कोणी केला असेल तर तो घेणाऱ्याने, आणि मालकाने तो कधी स्वीकारलाच नाही. हा निकाल देताना न्यायालयासमोर जमैकातल्या एका मळ्याचं १८९३मधलं प्रकरण होतं. तिथेही ‘कमीत कमी किंमत कळवा’ या तारेला फक्त ‘९०० पौंड’ एवढंच उत्तर आलं होतं आणि प्रिव्ही कौन्सिलने किंमत सांगणं म्हणजे विकायला काढणं नव्हे असं ठरवलं होतं.

आपल्याकडे घासाघीस करताना ‘द्यायचे किती?’, ‘तुम्ही बोला ना!’ अशी टोलवाटोलवी चालते ती उगाच नाही. पहिला आकडा तोंडातून काढणारा आपली बाजू उघडी करतो, हे व्यापाऱ्याला कायदा न वाचताही कळतं.

प्रस्ताव ज्याला केला, त्याच्या कानावर तो गेलाच पाहिजे. कलम ४ म्हणतं, प्रस्ताव ज्याच्यासाठी आहे त्याला तो कळेल तेव्हाच पोचला असं धरायचं. हे इतकं उघड वाटतं की त्यावर वाद होईल असं कोणाला वाटणार नाही. झाला. १९१३मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलेला लालमन शुक्ला खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. पेढीच्या मालकाचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. मालकाने मुनिमाला भाडंखर्च देऊन शोधायला हरिद्वारकडे पाठवलं. तो गेल्यावर मागे हस्तपत्रकं निघाली: मुलाला शोधणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस. मुनिमाला हे ठाऊकच नव्हतं. त्याने ऋषिकेशला मुलाला शोधून काढलं, घरी आणलं, पुढे काही महिने नोकरीही केली आणि नंतर बक्षिसासाठी दावा लावला. तो हरला. जो प्रस्ताव माहीतच नव्हता तो त्याने स्वीकारला कसा? शिवाय मुलाला शोधणं हे त्याचं नेमून दिलेलं कामच होतं.

तर्काला धरून हा निकाल बरोबर आहे. तरी तो वाचताना मुनिमाची बाजू मनातून जात नाही. मालकाला मूल हवं होतं, ते मिळालं, पैसे द्यायची तयारीही छापून झाली होती. केवळ पत्रक निघायच्या आधी गाडीत बसल्याने माणूस बक्षिसाला मुकला. १९२५मध्ये त्याच अलाहाबादच्या न्यायालयाने दुसऱ्या एका हरवलेल्या मुलाच्या बाबतीत बक्षीस द्यायला लावलं, कारण तिथल्या माणसाला पत्रकाची माहिती होती. बरेलीच्या स्टेशनाजवळ मुलगा दिसताच त्याने पोलिसांकडे नेऊन घरी तार केली होती. अशा जाहीर बक्षिसाला वेगळा स्वीकार कळवावा लागत नाही, काम करून दाखवलं की तोच स्वीकार, असं कलम ८ सांगतं.

आता निविदेकडे. निविदा या शब्दात निवेदन आहे, आणि निवेदन करणारा असतो कंत्राटदार. रोजच्या बोलण्यात आपण ‘पालिकेने टेंडर काढलं’ म्हणतो आणि त्यामुळे देकार पालिकेचा आहे असा समज होतो. कायद्याच्या नजरेत पालिकेने काढलेली सूचना हे केवळ आमंत्रण. देकार करतो तो निविदा भरणारा, आणि स्वीकाराचा अधिकार पालिकेकडे राहतो. सूचनेच्या तळाशी असलेलं ते ‘कोणतेही कारण न देता’ वाक्य हाच अधिकार अधोरेखित करतं. पालिकेची सूचना हाच देकार धरला असता, तर सर्वांत कमी दर भरणाऱ्याने लिफाफा टाकताक्षणी करार झाला असता आणि पालिका त्याला नाकारू शकली नसती. तसं होत नाही. लघुत्तम निविदाकाराला, बाजारातल्या भाषेत ‘एल-वन’ला, कामावर हक्क मिळत नाही, त्याला फक्त आपला नीट विचार व्हावा एवढी अपेक्षा करता येते. दर ठरतो, स्वीकृतिपत्र येतं, मग करारनामा, मग कार्यारंभ आदेश. या मालिकेत करार नेमका स्वीकृतिपत्राने झाला की करारनाम्यावर सही झाल्यावर, हा वाद न्यायालयात वारंवार जातो आणि उत्तर त्या-त्या निविदेच्या अटींवर ठरतं.

भरलेली निविदा मागे घेता येते का? कलम ५चा सरळ अर्थ असा की स्वीकार होईपर्यंत प्रस्ताव करणारा मोकळा असतो. म्हणून निविदेसोबत बयाणा रक्कम मागतात. आकडेमोड चुकली म्हणून कोणी मधेच पाय काढला तर ती जप्त होते. कंत्राटदार म्हणतात, कायद्याने मला माघार घ्यायला मुभा दिली आहे, मग पैसे कसे ठेवून घेता? महामार्गावरच्या टोलवसुलीच्या एका निविदेवरून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि एका कंपनीत हाच वाद झाला. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: माघार जरूर घ्या, पण ठरावीक मुदतीपर्यंत माघार घेणार नाही या शब्दाखातर ठेवलेले पैसे त्या शब्दाबरोबर जातात.

निविदा स्वीकारली म्हणजे करार झालाच, असंही नेहमी नसतं. वर्षभर लागेल तसा माल पुरवायचा असला की स्वीकारलेली निविदा ही नुसता उभा देकार असते. प्रत्येक वेळी मागणीपत्र निघालं की तेवढ्यापुरता करार होतो. रेल्वेच्या धान्यदुकानांना १४,००० मण गूळ पुरवायच्या एका प्रकरणात हे फार छान दिसलं. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या निविदेत कोणत्याही टप्प्यावर करार रद्द करण्याची मुभा रेल्वेने स्वतःकडे ठेवली होती. पण त्या १४,००० मणांची रीतसर मागणी चार हप्त्यांच्या तारखांसह नोंदवून झाली होती आणि मग रेल्वेने हात वर केले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुभा आहे, पण ती ज्या मालाची मागणी अजून नोंदवलेली नाही त्यापुरती. ज्याची ऑर्डर दिलीत तो गूळ घ्यायला तुम्ही बांधलेले आहात. एक सही झाली आणि आमंत्रण, देकार, करार या सगळ्या अवस्था ओलांडून गूळ पलीकडच्या काठाला पोचला होता.

‘कोणतेही कारण न देता’ या शब्दांवर सरकारी कार्यालयांची भिस्त फार. खासगी मालकाने तसं लिहिलं तर प्रश्न मिटतो. माझं घर मी कोणालाही देईन. सरकारला तेवढी मोकळीक नाही, आणि हे ठरलं ते मुंबईच्या विमानतळावरच्या एका उपाहारगृहावरून. १९७७च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबई विमानतळावर एक दुय्यम दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला निविदा मागवल्या. अट होती: निविदा भरणारा नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलवाला हवा, किमान ५ वर्षांच्या अनुभवाचा. ६ निविदा आल्या. महिना ६,६६६.६६ रुपये परवाना शुल्क देऊ करणाऱ्याला काम मिळालं. त्याला कँटीन चालवण्याचा दांडगा अनुभव होता, पण जाहिरातीत मागितलेली हॉटेलवाल्याची श्रेणी नव्हती.

मग एक तिसराच माणूस न्यायालयात आला. त्याने निविदा भरलीच नव्हती. त्याचं म्हणणं, ही अट पाळायची नव्हती हे आधी कळलं असतं तर मीही भरली असती! युक्तिवाद वरवर खोडसाळ वाटतो, पण त्यातलं तत्त्व पक्कं आहे. आमंत्रणावर जी अट लिहिली, ती वाचून कित्येक लोक घरीच थांबतात. त्या थांबलेल्यांना न सांगता अट सोडली, तर त्यांची संधी हिरावली जाते. १९७९च्या मे महिन्यात न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात, म्हणजे रमणा शेट्टी खटल्यात, हे मान्य झालं: सरकारी संस्थेने जो निकष स्वतः जाहीर केला तो तिलाही लागू, आणि मनाला येईल तसा तो मोडणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४मधल्या समानतेला धरून नाही.

गंमत पुढे आहे. तत्त्व जिंकलं आणि अर्जदार हरला. त्याने यायला उशीर केला होता, तो दुसऱ्या कोणासाठी तरी लढतो आहे असं न्यायालयाला दिसलं, आणि ज्याला काम मिळालं त्याने तोवर उपाहारगृहावर बराच खर्च केला होता. कंत्राट आहे तसं राहिलं. पण सरकारी कंत्राटाचा वाद जिथे-जिथे उभा राहतो तिथे हा निकाल काढला जातो.

त्याला लगामही आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत मोबाइल सेवेचे परवाने देताना जो वाद झाला, त्यात १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर खटल्यात सांगितलं की कोणाची निविदा सरस हे ठरवायला न्यायालय बसलेलं नाही. निर्णय कोणत्या मार्गाने घेतला एवढंच ते पाहील. व्यवहारात वकील एका हातात रमणा शेट्टी आणि दुसऱ्या हातात टाटा सेल्युलर घेऊन उभे असतात, आणि न्यायाधीशांचा कल कोणाकडे जाईल हे बरंचसं अटी मोडल्याचा वास किती येतो यावर ठरतं, असं माझं मत आहे.

लिलाव हे निविदेचं उघड्यावरचं रूप. तिथे बोली लावणारा देकार करतो, आणि १९३०च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४प्रमाणे हातोडा पडेपर्यंत किंवा प्रथेप्रमाणे पुकारा पूर्ण होईपर्यंत त्याला आपली बोली मागे घेता येते. ‘एक वार, दोन वार’ म्हणेपर्यंत कोणीच बांधलेला नसतो.

आतापर्यंत कोण देकार करतो हे पाहिलं. स्वीकार कुठे आणि कधी होतो, हा त्याहून किचकट प्रश्न आहे आणि त्यावरचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं भांडण सरकीच्या पेंडीवरून, विदर्भातल्या खामगावात झालं. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरी आणि तेलगिरणीला ट्रंक कॉल केला. अहमदाबादहून पेंड घ्यायचा प्रस्ताव गेला, खामगावने ‘हो’ म्हटलं. पुढे माल आला नाही. पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा लावला, तोही अहमदाबादच्या न्यायालयात. खामगावची गिरणी म्हणाली, करार आमच्याकडे झाला, तिथे दावा चालणार नाही.

पत्रव्यवहार असता तर गिरणीचं म्हणणं टिकलं असतं. करार कायद्याच्या कलम ४प्रमाणे स्वीकाराचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव करणारा बांधला जातो, पत्र त्याला मिळो न मिळो. स्वीकारणारा मात्र ते पत्र पोचेपर्यंत मोकळा असतो. पत्राआधी पोचेल असा निरोप धाडून आपला होकार मागे घ्यायची वाट त्याला खुली असते. आपल्या कायद्याने दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या क्षणी बांधायची ही व्यवस्था केली आहे. मग टेलिफोनवरचा ‘हो’ पत्रासारखा मानायचा का? खामगावात तोंडातून निघाला तिथे करार, की अहमदाबादेत कानावर पडला तिथे?

१९६५मध्ये निकाल लागला तो दोन विरुद्ध एक. न्या. जे. सी. शहा आणि न्या. वांछू यांनी ठरवलं की टेलिफोनवर दोघं जणू समोरासमोर बोलतात. होकार ऐकू आला नाही तर प्रस्ताव करणाऱ्याला तो कळलाच नाही. म्हणून करार अहमदाबादेत. इंग्लंडच्या न्यायालयाने टेलेक्सबद्दल १९५५मध्ये हेच म्हटलं होतं. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत लिहिलं. कलम ४मध्ये ‘स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर जाईल असा पाठवला की झालं’ असे शब्द आहेत, ते फक्त टपालापुरते आहेत असं कुठे म्हटलं आहे? खामगावात ‘हो’ म्हटलं आणि तो शब्द तारेतून गेला, तिथेच करार पुरा. हिदायतुल्लांनी वकिली नागपूरला केली होती आणि पुढे तिथल्याच उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे खामगाव त्यांच्या ओळखीच्या मुलखातलं. कायद्याच्या अक्षराला त्यांचं मत जास्त धरून आहे असं मला वाटतं. व्यवहाराला मात्र बहुमताचा नियम सोयीचा पडला, आणि तोच आजही चालतो.

आता सौदे मोबाइलच्या पडद्यावर होतात. इंटरनेटवरचा करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून कच्चा ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अने सांगितलं. ई-मेल कुठून निघाली आणि कुठे पोचली हे दोन्ही बाजूंच्या व्यवसायाच्या ठिकाणांवरून ठरवायचं, हे कलम १३ने. पण पडद्यावर ‘ऑफर’ ही पाटी ज्याच्या नावाने झळकते तो बहुतेक वेळा देकार करत नसतो. अनेक ऑनलाइन दुकानांच्या अटींमध्ये खाली लिहिलेलं असतं: तुम्ही ऑर्डर देता तो तुमचा खरेदीचा देकार, आणि आम्ही माल रवाना केल्याचं कळवलं की आमचा स्वीकार. पैसे आधी कापले जातात ही गोष्ट वेगळी. हे काही या दुकानांनी शोधून काढलेलं नाही. औषधांच्या एका इंग्लिश दुकानाच्या १९५३मधल्या खटल्यात स्वयंसेवा दुकानातल्या फळीवर मांडलेला माल म्हणजे आमंत्रणच, गिऱ्हाईक तो काउंटरवर नेतं तेव्हा देकार होतो, असं आधीच ठरलं होतं. नाहीतर फळीवरची बाटली उचलून टोपलीत टाकली की ती परत ठेवायचीही चोरी झाली असती.

या नियमाने ग्राहकाचं नुकसान होतं ते जाहिरातीच्या बाबतीत. ‘निम्म्या किमतीत फ्रीज’ वाचून माणूस धावत जातो आणि दुकानात त्याला दुसराच, महागडा दाखवला जातो. करार कायद्याकडे गेलात तर उत्तर ठरलेलं: ती जाहिरात फक्त आमंत्रण होती, तुमचा करार झालाच नाही. ग्राहक संरक्षण कायद्याने इथे वेगळी वाट काढली. करार झाला की नाही, या प्रश्नात तो शिरतच नाही. सवलतीच्या दरात जे विकायचा इरादाच नाही, किंवा वाजवी मुदतीपर्यंत आणि वाजवी प्रमाणात विकायचा इरादा नाही, त्याची तशी जाहिरात करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं तो म्हणतो. २०१९च्या कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो, आणि तो उत्पादकाबरोबरच जाहिरातीत झळकणाऱ्या चेहऱ्यालाही होऊ शकतो. तक्रार करताना म्हणूनच ‘त्यांनी ऑफर दिली आणि मोडली’ असं लिहू नये. जाहिरातीचा फोटो, तारीख, दुकानात काय सांगितलं ते, आणि ‘ही अनुचित व्यापारी प्रथा आहे’ एवढं वाक्य पुरतं.